दगूबाईचा नारळ आणि हेमकांतची मूठ

दगू,

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं तुला ऐकायचं नसतं. काल मी वीस मिनिटं घसा फोडला. कापूस, बस, माझा दात, सगळं सांगून झालं आणि शेवटी तू विचारलंस, "मंग नारय कधय आनस?" म्हणून आता लिहिते. आशा वाचून दाखवेल. आशा, जसं आहे तसं आईला वाचून दाखव, शिव्या गाळू नकोस. तुझ्या सासूबद्दल जे येईल ते मात्र मनात वाच.

हे मी आणखी चार जणांना वाचायला देणार आहे. त्यांना ना तू माहीत, ना नारळ. तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मध्ये येतील. चुळबुळ करायची नाही.

तू या गावात आलीस अडुसष्ट साली, सतराव्या वर्षी. मी चार वर्षांनी आले, धुळ्याच्या कॉलेजातून बी.ए. होऊन. आपल्या दोन घरांत भिंत एकच. पहिल्याच आठवड्यात तू भिंतीवरून डोकावलीस आणि विचारलंस, "बी.ए. म्हंजे कितवी?" मी म्हटलं, पंधरावी. तू माझ्या परातीकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आनि तरी पोया इतल्या जाड?" तेव्हापासून त्रेपन्न वर्षं आपण भांडतो आहोत.

तुझी दोन एकर पपई, एक म्हैस, एक मुलगी. चौऱ्याण्णव साली तुझे मालक गेले. त्याच वर्षी सासूने कानबाईचा नारळ तुझ्या ओटीत घातला आणि महिन्याभरात तीही गेली.

कानबाई म्हणजे आपल्या खानदेशची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी येते, सोमवारी नदीवर जाते. तिला मूर्ती नाही. नारळालाच डोळे, नाक, नथ, मळवट, की झाली कानबाई. तुमच्याकडे नारळ दरवर्षी तोच. सोमवारी तापीत बुडवायचा, परत आणायचा आणि फडक्यात गुंडाळून वर्षभर कोठीत ठेवायचा. सगळ्या भाऊबंदकीचा हा नारळ एकाच घरी राहतो, आणि एकतीस वर्षं ते घर तुझं.

मग रोट. तुमच्या भाऊबंदकीत जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू सुपात घ्यायचा, वेगळा दळायचा आणि त्याचे गूळ-तूप घालून रोट करायचे. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, लग्न होऊन गेलेल्या मुलीला नाही, गाईला नाही, आणि उकिरड्यावर तर नाहीच नाही. राखीपौर्णिमेचा चंद्र उगवायच्या आत सगळं पीठ संपलं पाहिजे. मी परक्या कुळातली. त्रेपन्न वर्षं त्या तुपाचा वास भिंतीवरून येतो आणि मी आपली मटकीची उसळ खाते.

तू शाळेचं तोंड पाहिलं नाहीस, पण शेहेचाळीस पुरुषांची नावं एका दमात घ्यायचीस. "ही भरतनी, ही राजेंद्रनी, ही सुरतवाला ललितनी." प्रत्येक नावाला एक मूठ आणि वर चिमूटभर पाव. सुरतेचा ललित तर तुला रस्त्यात भेटला असता तरी ओळखला नसतास, पण त्याची मूठ कधी चुकली नाही. मी दरवर्षी विचारायचे, "दगू, तुझी मूठ कुठली यात?"

"बायासनी मूठ नही ऱ्हास."

"का पण?"

"गप ऱ्हाय. मोजानं चुकी जाई."

गेल्या वर्षी तुझे गुडघे गेले. खाली बसलीस की उठवायला दोन माणसं. मग तू भाऊबंदकीला निरोप पाठवलास, आता नारळ दुसऱ्या कुणी न्या. शेहेचाळीसांतला एक पुढे येईल तर शपथ. कुणाचा फ्लॅट लहान, कुणाची बायको नोकरीला, कुणाकडे कुत्रा. शेवटी नंदुरबारच्या भरतअण्णाने, म्हणजे तुमच्यातल्या सगळ्यात वडीलधाऱ्याने, निकाल दिला: यंदा कुणी नेला नाही, तर सोमवारी नारळ तापीतून परत आणायचा नाही. सोडून द्यायचा.

तू तीन दिवस माझ्याशी भांडली नाहीस. मी घाबरले. वर्षातून त्या दोन दिवसांत तुझ्या दारात वीस जोडी चपला असायच्या आणि उरलेलं वर्ष फक्त माझी. नारळ गेला की त्या वीस जोड्याही जाणार होत्या. तू हे बोलली नाहीस. बोलणारी असतीस तर दगू कसली.

आणि जुलैत नॉर्वेचं जोडपं उतरलं.

हेमकांत तुझ्या मधल्या दिराचा मुलगा. तिकडे समुद्रातून तेल काढणाऱ्या कंपनीत आहे. बायको दीपमाला नंदुरबारचीच, तिथे पाळणाघरात शिकवते. अकरा वर्षांनी आले, साठवलेली सहा आठवड्यांची रजा घेऊन. तुला भेट म्हणून विजेचं एक जड यंत्र आणलं, त्यात पीठ ओतलं की बदामाच्या आकाराचे घावन निघतात. तू ते धुऊन-पुसून देव्हाऱ्याखाली ठेवून दिलंस. सोबत छापील बेत होता: गाव, मग तोरणमाळ, मग केरळ, मग काश्मीर. गावासमोर लिहिलं होतं, "विश्रांती".

विश्रांती कसली! पहाटे दोघं पांढरे बूट घालून फिरायला निघायची. आपल्याकडे रस्त्यावर पायी चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बंद पडली. पहिलाच मोटारसायकलवाला थांबला. "बसा भाऊ, सोडी देसू." हेमकांत म्हणाला, "नही रे, आम्ही चालीच ऱ्हायनूत." तो पोरगा रागावला, "काबरं, मन्ही गाडीवर काय काटा शेत?" मग बसावं लागलं. पोरगा देवळांच्या प्रकाशा गावाला चालला होता, त्याने प्रकाशाला सोडलं. तिथून ही दोघं बसने परत. दुसऱ्या दिवशी दुसरा थांबला. आठवड्यात सहा वेळा ती प्रकाशाला जाऊन आली. देवळातल्या पुजाऱ्याने शेवटी हात धरून विचारलं, "नवस कसला आहे? सांगा, संकोच करू नका."

त्यात हेमकांतची अहिराणी. वीस वर्षांपूर्वीची जशीच्या तशी जपलेली. तो पोरांना हौसेने म्हणायचा, "काय रे भो, कसं चाली ऱ्हायनं?" आणि पोरं उत्तर द्यायची, "एकदम बढिया, अंकल."

पंधरा दिवस झाले तरी जोडपं हललं नाही, तेव्हा गावाला कळून चुकलं. सहा आठवडे रजा कोण देतं? गोऱ्यांनी हाकललं असणार. माणसं सांत्वनाला यायला लागली. येताना कुणी पपई आणायचं, कुणी वांगी. हेमकांतला वाटायचं, काय प्रेमळ माणसं आहेत. भरतअण्णाचा तर फोनच आला, "हेमू, मिरचीना कोल्ड स्टोरेजमा सुपरवायझरनी जागा शे. मी सबद टाकेल शे. लाज धरू नको." हेमकांत सौजन्याने म्हणाला, "बरं अण्णा, देखस." अण्णाने ते होकारात धरलं.

तू संध्याकाळी भिंतीवर आलीस. "प्रमिला, हेमूनी नोकरी गयी!" दगू, कुणाची नोकरी गेल्याचा इतका आनंद मी जन्मात पाहिला नाही.

"अगं, रजेवर आहेत ती दोघं. दीपमालाने मला सांगितलंय."

"तुले खरं सांगी का ती? तू मास्तरीन."

आणि तू केरळची तिकिटं पुढे ढकलायला लावलीस. कानबाई करूनच जा. तुझ्या मनात काय होतं ते माझ्या ध्यानात आलं. माणूस परत आला, घर तुझ्या घराला लागून, बायको धडधाकट. नारळाला ठिकाण मिळालं.

आता त्या शनिवारची सकाळ. मी माझी खुर्ची तुझ्या ओट्यावर आणून बसले होते, दरवर्षीसारखी, हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. गहू दोनदा पाखडलेला. तू सूप हेमकांतपुढे सरकवलंस. "यंदा तू मूठ घे. आते तुलेच घेनी शे." त्याला त्यातली मेख कळली नाही. तो खूश झाला, कोपरापर्यंत हात धुऊन आला. दीपमाला मोबाइलवर चित्रण करत होती. शेहेचाळीस नावं तू घेतलीस, शेहेचाळीस मुठी त्याने टाकल्या. आणि दीपमाला म्हणाली, "काकू, आता बायकांच्या?"

"बायासनी नही ऱ्हास."

"का?"

तू माझ्याकडे बघितलंस, हिला तूच समजाव म्हणून. मी? मी म्हटलं, "विचार गं विचार. मलाही तीस वर्षं ऐकायचंय."

"मग मोजूया ना," दीपमाला म्हणाली. "सुना, मुली, सगळ्या."

"लगीन व्हयेल पोरी बी?" हेमकांतने विचारलं.

"त्या काय मेल्या?"

मला वाटलं, आता तू सूप उचलून आत नेशील. तू गव्हात हात फिरवत बसलीस. मग म्हणालीस, "पह्यली आशानी टाक."

एकदा सुरू झालीस ती थांबेनास. सुना झाल्या, मुली झाल्या, मुलींची मोजणी भाऊबंदकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर झाली. ज्यांनी अंगठा दाखवला त्यांच्या मुली धरल्या, ज्यांनी नुसते हात जोडले त्यांच्याही धरल्या. सत्तावन्न झाल्या. हेमकांतने आणखी एक मूठ उचलली आणि तुझ्यासारखाच सूर लावून म्हणाला, "ही दगूकाकूनी." तू पदर तोंडाला लावलास. शिंक आली म्हणालीस. दोनदा पाखडलेल्या गव्हात धूळ कुठली?

या सगळ्या न्यायनिवाड्यात एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं गेलं तेव्हा नव्वदी उलटली होती. दगू, तुझी मूठ म्हणजे पोरीची मूठ. तुझ्या दोन मुठी हेमकांतच्या एका मुठीत मावतात. त्याचा पंजा म्हणजे फावडं. दरवर्षी तुझा गहू भरायचा तीन किलोला कमी. मी ओरडले, "अरे, हात केवढा तुझा! थांब!" पण सुपात पडलेली मूठ परत काढायची नसते. एक सूप भरून दुसरं घेतलं होतं.

गिरणीवाल्या उखाने चक्की धुऊन ठेवली होती. पोतं बघून विचारलं, "लगीन कोनं शे?"

"कानबाईनं पीठ शे," हेमकांत म्हणाला.

उखाने ते काट्यावर टाकलं. साडेतेरा किलो. त्याने हेमकांतकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि मुकाट्याने पट्टा चढवला.

रविवारी एकोणीस माणसं आली. कानबाई बसली, रोट झाले, लाल भोपळ्याची भाजी, खीर. सोमवारी दुपारी तुम्ही वाजतगाजत तापीवर, मागून मी. तुला खुर्चीसकट उचलून नेलं आणि तू खुर्चीवरून नाचणाऱ्यांना शिव्या देत होतीस, फुगडी कशी घालावी म्हणून. नारळ बुडवला, काढला, तुझ्या मांडीवर दिला. तेवढ्यात भरतअण्णाने सगळ्यांना गप्प केलं. "आयका. आजपाईन कानबाई हेमकांतना घर. पंधरा तारखेले तो कामवर लागी ऱ्हायना."

"कोणत्या कामावर?" हेमकांत घाबरून चक्क शुद्ध मराठीत बोलला. "एकवीसला आमचं विमान आहे."

अण्णा दोन पावलं पुढे आला.

"म्हंजे तुन्ही नोकरी गयी नही?"

"नाही."

मागून कुणी तरी म्हणालं, "फुकट वांगा दिधात."

भरतअण्णा लाजला आणि लाजलेला माणूस लवकर चिडतो. त्याने नारळासाठी हात पुढे केला. तू तो पोटाशी धरलास आणि खुर्चीतून उठलीस. एकटी. कुणी हात न देता. मी पाहिलं, म्हणून सांगते. डॉक्टरला सांगितलं तर विश्वास ठेवणार नाही.

"कानबाईनं पीठ अजून घरमा शे," तू म्हणालीस. "ते सरत नही तवलोंग ती कोठेच जावाव नही."

अण्णाने घरात पिठाचा डबा पाहिलेला होता. तो हसला. "ठीक. राखीनी पुनीलोंग पीठ सरनं तर नारय ऱ्हाई. उरनं, तर शनिवारे मी येसू, नारय तापीमा." आणि एकोणीस माणसं गाड्यांत बसून निघून गेली.

डब्यात साडेनऊ किलो. दिवस पाच. खाणारे चौघे: तू, नवरा-बायको, आणि तुझा धाकटा दीर राजेंद्र, ज्याला पंधरा वर्षांचा मधुमेह आहे आणि ज्याची सून सुरतेहून रोज फोनवर त्याचा डबा विचारते.

हेमकांतने तक्ता करून दारावर चिकटवला. माणशी रोज जवळजवळ अर्धा किलो पीठ. केरळ गेलं, काश्मीर गेलं. दीपमाला गेली सहा वर्षं गव्हाला शिवत नव्हती, पोट फुगतं म्हणे. ती म्हणाली, "मोजायला मी लावलं, आता खाईनही मी." मुलगी खरी आहे, मला आवडली. मंगळवारी रोट खाल्ले. बुधवारी रोट बघून हेमकांतच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून तिने देव्हाऱ्याखालचं यंत्र काढलं आणि कानबाईच्या पिठाचे बदाम पाडले. तू पहिला बदाम नथीच्या नारळापुढे ठेवलास, वाट बघितलीस आणि म्हणालीस, "चालस तिले." गुरुवारी तिने दालचिनी लावून गुंडाळ्या केल्या, त्या कुकरात फुगून एकमेकींना चिकटल्या आणि करवतीने कापाव्या लागल्या. त्याच दुपारी राजेंद्रची साखर चारशेला टेकली. शहाद्याच्या डॉक्टरने विचारलं, "काय खाल्लंत?" तो म्हणाला, "कानबाई." डॉक्टरने त्याला रात्रभर ठेवून घेतलं. खाणारे तीन राहिले.

हेमकांत भूक लागावी म्हणून पळायला जायचा. पळणारा माणूस म्हणजे तर आणीबाणीच. त्याला दोन जणांनी मध्ये बसवून प्रकाशाला नेलं.

शुक्रवारी संध्याकाळी मी आले, तर नवरा-बायको खाटेवर आडवी. तू डबा मांडीशी घेऊन बसलेली. आत अजून पाच किलो.

मी म्हटलं, "दगू, दोन किलो म्हशीला घाल. कोण बघतंय?"

"ती बघस," तू कोनाड्यातल्या नारळाकडे हात केलास.

"मग बस बघत दोघी एकमेकींकडे."

मी उठून दारापर्यंत गेले होते. मागून तुझा आवाज आला, "प्रमिला, फोन लाव."

"कुणाला?"

"पोरीसले. जितल्या मोज्यात तितल्यासले."

माझा चष्मा घरी होता, तो आणायला मी पळाले, या वयात. तेवीस मुलींचे नंबर होते. मी लावायचे, तू बोलायचीस. प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, "काकू, आमले चालस का?" आणि तुझं उत्तर एकच, "मोजेल शे." आशाला सगळ्यात शेवटी लावला. ती म्हणाली, "आई, माझं लग्न होऊन तेहतीस वर्षं झाली. अण्णा काय म्हणतील?" तू म्हणालीस, "तू मोजेल शेस. पोट रिकामं ठेईसन ये."

शनिवारी राखीपौर्णिमा. अकरा वाजता एक काळीपिवळी जीप दारात थांबली, मागून दुसरी. त्यातून चौदा बायका उतरल्या. सर्वांत धाकटी तिशीची, सर्वांत थोरली भरतअण्णाची बहीण जमनाबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सारंगखेड्याची. बहुतेकींचे भाऊ सुरतेला नाही तर पुण्याला. कित्येक वर्षांत राखीला माहेरी आलेल्या नव्हत्या. त्यांनी आल्या आल्या चौदाच्या चौदा राख्या हेमकांतला बांधल्या, मनगटापासून कोपरापर्यंत. त्याला हात वाकवता येईना.

मग पदर खोचले. दोघींनी कणीक मळली, तिघींनी रोट थापले, बाकीच्या बसल्या खायला. दगू, मी बऱ्याच पंगती पाहिल्यात. असं जेवण पाहिलं नाही. त्या भूक म्हणून खात नव्हत्या. जुनं काही तरी वसूल केल्यासारख्या खात होत्या. "तवय मन्हा भाऊले तीन देयेत, मले म्हने तू परकी." आणि एक रोट. "वास घीसन निजी जाऊत आम्ही." आणि आणखी एक. आशा रडेल असं मला वाटलं होतं. कसली रडते, सात खाल्ले आणि लोणचं मागितलं.

चार वाजता भरतअण्णा आला, हातात नारळासाठी रिकामी पिशवी घेऊन. दारातच थबकला. "हाई काय चाली ऱ्हायनं? पोरीसले रोट? हाई चालत नही! पीठ भाऊबंदेसनी सरावाले पाहिजे!"

आतून जमनाबाईचा आवाज आला, "कोन, भरत का रे?"

अण्णाचं वय बहात्तर. तो लहान मुलासारखा म्हणाला, "हा जिजी."

"अठे ये. मन्हा लगीनले साठ वरीस व्हयनात. ह्या घरना एक रोट मन्हा पोटमा गया नही. यंदा मन्ही मूठ मोजेल शे. आते तू सांग, मन्ही मूठ तू खासी का मी खासू?"

अण्णाने पिशवीची घडी केली. "तूच खाय," म्हणाला.

"मंग बस. तुन्ही बी शे अजून."

तो बसला. खाणाऱ्याला फार बोलता येत नाही, आणि त्याच्या ताटात जमनाबाई वाढतच राहिली.

साडेसहाला परातीत एकच गोळा उरला. आभाळ भरलेलं, चंद्र उगवला की नाही कुणाला दिसणार? हेमकांतने राख्यांनी जड झालेल्या हाताने मोबाइल धरून वेळ काढली, सात वाजून वीस. तो गोळा तू थापलास, तूच भाजलास. दीपमाला त्याचा तुकडा मोडून माझ्याकडे घेऊन आली. "मावशी, तुम्ही इतकं केलंत."

तू तिचा हात धरलास. "तिले नही. ती परकी शे."

बरोबर आहे. मला कुणी मोजलं नव्हतं. तो रोट तू एकटीने खाल्लास, सावकाश, माझ्याकडे बघत. सात वाजून पाच मिनिटं झाली होती.

नारळ कुठे राहणार, हे विचारायचं अण्णाला घरी जायच्या वेळी सुचलं. तू म्हणालीस, "आशाना घर." तो "पण..." म्हणाला आणि जमनाबाई "भरत" म्हणाली. तिथे ते संपलं.

जोडपं एकवीसला गेलं. केरळ पाहिलं नाही, प्रकाशा अकरा वेळा पाहिलं. जाताना "पुढच्या वर्षी नक्की" म्हणाले, बघू. त्याआधी हेमकांतने गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी तुला शहाद्याच्या दवाखान्यात दाखल केलं. त्या सकाळी तू नारळ फडक्यात गुंडाळून भिंतीवरून माझ्या हातात दिलास.

"माझ्याकडे? मी परकी ना?"

"म्हनीसनच. तुन्हा घर भाऊबंद नही, भांडन नही. आठ दिवसमा आशाकडे आनी दे."

आठ दिवस. आता दिवाळी होऊन गेली. आशाचं घर शहाद्यातच, दवाखान्यातून तू तिथेच राहिलीस; बसने अर्धा तास, तेवढंच अंतर. आधी तुझे टाके होते. मग आशा, हे मनात वाच: तुझ्या सासूने कोनाडा द्यायचा कबूल केला आणि तिथे मिक्सर ठेवला. मग तो काढला, तर माझा दात. तू हल्ली काठीशिवाय चालतेस असं आशा सांगते, पण गावाकडे यायचं नाव काढत नाहीस. घराला कुलूप, म्हैस राजेंद्रकडे. भिंतीवरून कुणी डोकावत नाही, आणि मी पोळ्या कशाही केल्या तरी चालतात.

गेल्या गुरुवारी मी खरंच निघाले होते. नारळ कापडी पिशवीत, पिशवी मांडीवर, स्टँडवरच्या बाकावर बसले. शहाद्याची गाडी आली. कंडक्टर माझ्या विद्यार्थ्याचा मुलगा. त्याने दार धरून विचारलं, "आजी, शहादा ना? या."

मी म्हटलं, "नाही रे. उद्या."

गाडी गेली. मी वांगी घेतली, वांगी एका हातात, पिशवी दुसऱ्या हातात, आणि घरी आले. नारळ टीव्हीशेजारी आहे. तुला हवा असेल तर येऊन ने.

प्रमिला